यमुनाबाईंचं फूल, माझं गोडाऊन

यमुनाबाई अहिरराव यांनी मला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल चार बऱ्या गोष्टीही लिहाव्या लागणार आहेत आणि त्या वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. फसवणूकही अशी की त्यांनी दिलेला शब्द तंतोतंत पाळला, शेजारधर्म पाळला, आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत मला फसवून गेल्या. मला ते कळायलाच काही वर्षं लागली.

मी प्लास्टिकचा माणूस. सायकलच्या कॅरिअरला बादल्या आणि प्लास्टिकचे मग बांधून देवळाली कॅम्प आणि भगूर पालथं घालण्यापासून सुरुवात केली आणि नाशिक रोडला, स्टेशनच्या जवळ, स्वतःचं दुकान उभं केलं. कुणाच्या बापाची मदत घेतली नाही, स्वतःच्याही नाही. मुंबईचे घाऊक व्यापारी माझ्याशी भाव करायला बसण्याआधी पाणी मागतात. माझा आवाज चढतो हे मला मान्य आहे. पण चढलेल्या आवाजाच्या माणसाला फसवणं सोपं असतं असं कुणाला वाटत असेल, तर तेही साफ चूक आहे. मला फसवणारी बाई एकच निघाली, आणि तिने आवाज कधीच चढवला नाही.

यमुनाबाई मूळच्या सटाण्याकडच्या. टेलिफोन ऑफिसात ट्रंक ऑपरेटर होत्या. एसटीडीचे पिवळे बूथ गल्लोगल्ली उघडले, ट्रंक कॉलचं काम आटलं, त्या सुमारास त्या रिटायर झाल्या आणि जेल रोडला आमच्या शेजारच्या घरात राहायला आल्या. घर म्हणजे दोन खोल्या. पण त्या घराला लागून, आमच्या भिंतीपर्यंत, मोकळी जागा होती. सगळं रामायण त्या जागेचं आहे.

लग्न केलं नव्हतं. कुणी बाईने चौकशी केलीच तर सांगायच्या, "लाईन लागली नाही." बोलणं शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. नोकरीतच तशी सवय लागली असणार. चिडल्या किंवा खूश झाल्या की मात्र आतून सटाण्याची अहिराणी वर यायची. त्यांच्याकडे कुणी गप्पा मारायला गेलं आणि गप्पा लांबल्या की ट्रंक कॉलवर सांगत तशा त्या म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." आणि उठून कामाला लागायच्या. समोरचा माणूस वाक्याच्या मध्यात असला तरी. आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांना त्यांनी असं कितीदा तरी तोडलं. शेवटी ते सुरुवातीलाच मुद्द्यावर यायला शिकले, जे त्यांना कॉलनीच्या मीटिंगमध्ये कधीही जमलं नव्हतं.

आणखी एक सवय फार वाईट होती. आयुष्यभर कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिल्यामुळे त्यांना आवाजातलं सगळं ऐकू यायचं. त्यांचं म्हणणं, माणूस खोटं बोलण्याआधी एक छोटा श्वास घेतो. फोनवर तोंड दिसत नाही, त्यामुळे श्वासच ऐकू येतो. आता व्यापारी माणसाने श्वास घ्यायचा नाही तर काय करायचं? पण आमची पहिली गाठच तशी पडली.

त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "बादली दाखवा."

मी दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. "ही गळते का?"

"काय बोलता बाई? या दुकानातली बादली गळत नाही."

"मग नको. गळणारी असेल तर दाखवा."

असं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं. मागच्या बाजूला तडकलेल्या बादल्यांचा ढीग होता, पण तो आहे हे मी आजवर बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं. म्हणालो, "तसला माल आमच्याकडे येतच नाही."

"आत्ता श्वास घेतलात तुम्ही," त्या म्हणाल्या. मागे गल्ल्यावर बसलेली माझी बायको सुलभा हसली. ती नवऱ्यावर पहिल्यांदाच चारचौघांत हसली, हेही लिहून ठेवतो.

शेवटी बादल्या बाहेर आल्या. मी भाव सांगितला. त्यांनी विचारलं, "भंगारवाला काय देतो?" मी तोही सांगून बसलो. "मग तेवढेच घ्या. आणि भंगारवाल्याकडे न्यायचा तुमचा रिक्षाखर्च वाचला, तो वजा करा." मी आरडाओरडा केला. त्या तो संपेपर्यंत शांत उभ्या राहिल्या, मग वजा करून उरलेले पैसे काउंटरवर ठेवून दोन्ही हातांत बादल्या घेऊन निघून गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी "बादलीवाले" झालो. पुढे दुकानावर काचेचं दार आलं, चमकती पाटी आली, लोक मला शेठ म्हणायला लागले. यमुनाबाई शेवटपर्यंत "काय बादलीवाले?" असंच म्हणाल्या.

गळक्या बादल्या त्यांना बी पेरायला लागायच्या. नर्सरीतून रोप आणलेलं त्यांना चालत नसे. कुणाकडून फांदी आणून खोचणंही नाही. सगळं बियांपासून, आणि तेही वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडांचं. अबोली, गोकर्ण, गुलबक्षी, सदाफुली, जरबेरा. हंगामी फुलांवर त्यांचा राग होता. "हंगामी फूल म्हणजे ट्रंक कॉल," त्या म्हणायच्या. "एवढी खटपट करून लाईन लावायची, कसं काय बरं आहे म्हणेपर्यंत कट. मला रोज बोलणारं माणूस पाहिजे." बादलीत चाळलेली माती, वाळू, शेणखत. वर ओलं पोतं. गोकर्णीचं बी रात्रभर भिजत घालायच्या, कर्दळीचं बी पायरीच्या दगडावर घासायच्या. कितीतरी वेळ घासत बसलेल्या दिसायच्या, जसं काही कुणाचा तरी पत्ता त्यातून निघणार आहे.

गल्लीत कुणी फूल मागितलं तर बी मिळायचं. पुडीवर नाव नाही, रंग नाही. "कसलं आहे?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "लागल्यावर कळेल." अख्ख्या गल्लीने असं डोळे मिटून पेरलं. मला त्यात धंद्याच्या दृष्टीने मोठी खोट दिसायची. मालाचं नाव न सांगता माल देणारा दुकानदार किती दिवस टिकेल? पण लोक पुन्हा पुन्हा यायचे.

एक पुडी मलाही मिळाली. एका रविवारी भिंतीवरून हात पुढे करून त्या म्हणाल्या, "सुलभाला द्या. वाटेत भिजवू नका." मी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि दुकानात गेलो. तिथे मुंबईचा एक घाऊक व्यापारी बसला होता. टबांचा मोठा सौदा होता. मी माझी नेहमीची पद्धत काढली होती, म्हणजे भाव ऐकल्यावर काहीच न बोलता त्याच्याकडे बघत राहायचं. समोरचा घामाघूम होतो आणि आपणहून उतरतो. उन्हाळा असल्यामुळे घाम मलाही आला होता. त्या शांततेत माझ्या छातीतून टिक असा आवाज आला. मग टिक टिक. मग खिशातून काहीतरी उडून व्यापाऱ्याच्या कपाळाला लागलं. तो बिचारा खुर्चीसकट मागे सरकला. "शेठ, तबियत ठीक है ना?"

अबोलीची वाळलेली बोंडं होती ती. ओल लागली की फुटतात आणि बी लांब उडवतात. सगळी पुडी माझ्या छातीवर फुटेपर्यंत सौदा थांबला, आणि नंतर काही केल्या माझ्या चेहऱ्यावर ती धाक बसवणारी शांतता येईना. व्यापारी एक पैसा उतरला नाही. संध्याकाळी मी भिंतीपाशी जाऊन जाब विचारला. यमुनाबाई म्हणाल्या, "भिजवू नका म्हटलं होतं. एवढा घाम कशाचा आला? खोटं बोलत होतात का?"

आता जागेचं सांगतो.

त्या काळात माझा धंदा वाढत होता आणि घर लहान होत होतं. पलंगाखाली मगांची पोती, पलंगावर पाट्या, न्हाणीघरात टब. मुलं अभ्यासाला बसायची ती चौरंगांच्या ढिगावर. घराला लागून गोडाऊन हवं होतं, आणि घराला लागून जागा एकच होती. भिंतीपलीकडची. मी रोज सकाळी दात घासताना ती नजरेने मोजायचो. पत्र्याची शेड, एक शटर, टेम्पो आत येईल एवढी वाट. मनात सगळं बांधून झालं होतं.

मी विषय काढला. यमुनाबाई पायरीवर बसून कसलंसं बी कानशीने घासत होत्या. कानस माझ्याच दुकानाशेजारून आणलेली. बी वाटाण्याएवढं, काळं, आणि डोक्यावर नारिंगी केसांचा झुपका. देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याच्या माळ्याने दिलं होतं.

"हे काय, बाहुलीचं डोकं?" मी म्हणालो.

"बी आहे. घ्या, तुम्ही घासा. हात मजबूत आहेत तुमचे." मी घासायला लागलो. घासता घासता म्हणालो, "बाई, ही जागा नुसती पडून आहे."

"पडून? झाडं काय उभी नाहीत?"

"विकायची झाली तर मला सांगा."

"सांगेन."

"नक्की कधी?"

त्यांनी माझ्या हातातलं बी परत घेतलं. सुलभा चहाचे कप घेऊन आली होती, ती भिंतीपाशी थांबली. यमुनाबाई म्हणाल्या, "असं करू. हे बी आज पेरते. त्याला फूल आलं की सगळ्यात आधी तुम्हाला दाखवेन. फूल बघून तुम्ही हो म्हणालात की त्याच दिवशी जागा तुमची, चालू भावात. नको म्हणालात तर मी मोकळी. तोवर विषय काढायचा नाही."

मी मनात हिशेब केला. झेंडू दोन-अडीच महिन्यांत येतो. हे जरा हट्टी दिसतंय, तर धरू वर्ष. आणि फूल बघून नको कोण म्हणेल? "मंजूर," मी म्हणालो. "आणि दुसऱ्या कुणाला आधी दिलीत तर?"

"तुम्हाला दाखवल्याशिवाय कुणालाही नाही. सुलभा साक्षीला आहे."

सुलभा साक्षीला होती. हे वाक्य ध्यानात ठेवा.

कसलं फूल आहे हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर मला माहीतच होतं. पण मालाचं नाव न विचारता मी आयुष्यात केलेला तो एकच सौदा.

बी माझ्यासमोर एका हिरव्या बादलीत पेरलं गेलं. मी त्या बादलीवर लक्ष ठेवलं. पहिल्या महिन्यात काही नाही. दुसऱ्यात नाही. मी चांदवडहून, सुलभाच्या माहेरून, कुजलेलं शेणखत पोतं भरून आणून दिलं. गळक्या बादल्या फुकट द्यायला लागलो. रोज सकाळी ब्रश तोंडात धरून विचारायचो, "उगवलं?" त्या म्हणायच्या, "विषय काढायचा नाही ठरलंय."

मग धंद्याच्या गडबडीत काही महिने बघणं राहिलं, आणि एका सकाळी हिरव्या बादलीत गुलाबी फूल दिसलं. मी अंघोळ न करता पेढे आणले. पत्र्याच्या शेडवाल्याला फोन करून बोलावून घेतलं. तो टेप घेऊनच आला. आम्ही दोघं यमुनाबाईंच्या दारात उभे राहिलो. त्या बाहेर आल्या, बादलीकडे बघितलं, आणि पेढा उचलला.

"ही सदाफुली आहे," पेढा खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या. "वाऱ्याने आली. पेरलेली नाही."

"पण बादली तीच आहे."

"बादली तीच आहे. तुमचं बी कधीच उगवलं, मोठं झालं, खाली जमिनीत लावलं. ते काय कोपऱ्यात."

कोपऱ्यात रुंद पानांचं एक बुटकं झुडूप होतं. मी म्हणालो, "ती केळ आहे."

"केळ नाही."

"फूल कधी येणार?"

"त्याचं त्याला माहीत." आणि शेडवाल्याकडे वळून म्हणाल्या, "आलाच आहात तर माझ्या न्हाणीचा पत्रा बघून घ्या, गळतोय." शेडवाल्याने पत्रा ठोकून दिला. येण्याजाण्याचं भाडं माझ्याकडून घेतलं.

एक वर्ष गेलं, दोन गेली. केळीसारखं ते झुडूप नुसती पानं काढत बसलं. पहिली काही वर्षं मी रोज बघायचो. मग आठवड्यातून एकदा. मग सोडून दिलं. तेवढ्यात धंद्याने वळण घेतलं. घराघरांत टीव्हीच्या वर, शोकेसमध्ये, प्लास्टिकची फुलं आली. गुलाब, ट्यूलिप, ऑर्किड, पाण्याचे थेंब चिकटवलेले. मी तो माल पोत्यांनी आणायचो. दुरून नजर टाकून सांगायचो, हा दिल्लीचा, हा बाहेरचा, यात रंग मुरलेला आहे, यात फक्त वरून फवारा आहे. जिल्हाभरातले दुकानदार माझ्याकडे माल दाखवायला यायचे. मला त्याची घमेंड होती. असायला काय हरकत आहे?

इकडे सुलभा रोज दुपारी भिंतीपलीकडे जायला लागली होती. मला वाटायचं, बायकाबायका गप्पा मारत असतील.

एका दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सुलभा गल्ल्यावर, मी काउंटरवर, समोर बायकांची रांग. त्यातून वाट काढत यमुनाबाई आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवून कागद उलगडला.

"बघा बरं, बादलीवाले."

मी बघितलं. जाड हिरवा देठ. टोकाला आडवी चोच, कडेने लालसर. चोचीतून भडक नारिंगी तुरे वर आलेले, आणि मधोमध निळाशार बाण. मी हातात घेतलं. कडक, गुळगुळीत, मेणचट.

"नवीन डिझाइन आहे," मी म्हणालो. "कुठून आणलं?"

"तुम्ही सांगा, कसं आहे."

रांगेतल्या बायका थांबून ऐकायला लागल्या. मला ऐकणारं माणूस दिसलं की आवाज आपोआप चढतो. मी फूल वर धरून सगळ्यांना समजावून सांगितलं. "हे बघा, देठात विनाकारण माल घातलाय, म्हणून वजन. निळा रंग बघा. असला निळा कधी खऱ्या फुलात बघितलाय का कुणी? आणि हे इथे चोचीपाशी चिकट लागतंय, म्हणजे डिंक नीट पुसलेला नाही. कारागीर कच्चा आहे."

"म्हणजे तुम्हाला हे पसंत नाही?"

"बाई, माझं आयुष्य प्लास्टिकमध्ये गेलं. हा माल चालणार नाही."

"नीट बघा. नंतर म्हणाल, दाखवलं नाही."

"बघितलं."

"मग, हो की नको?"

"नको."

"नक्की?"

"नको म्हणजे नको. पुढचं गिऱ्हाईक."

त्यांनी सुलभाकडे बघितलं. सुलभा खाली वाकली, सुट्टे पैसे पडले म्हणून. बराच वेळ वर आली नाही. यमुनाबाईंनी फूल पुन्हा गुंडाळलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, मोकळी झाले." मला वाटलं, कुठल्या विक्रेत्याने त्यांच्या गळ्यात मारलेला नमुना आहे, आता त्या परत करतील.

ते फूल संध्याकाळी आमच्या टीव्हीवर होतं. मी सुलभावर ओरडलो. घरात पोत्यांनी फुलं असताना परक्याचा माल टीव्हीवर? ती म्हणाली, "राहू द्या, मला आवडलं." राहू दिलं. दोनेक आठवड्यांनी त्याचा नारिंगी रंग तपकिरी पडला, टोकं सुरकुतली. मी विजयाने सुलभाला म्हणालो, "बघ. सांगितलं होतं ना, हलका माल." ती म्हणाली, "हो, तुम्हाला बरोबर कळतं."

माणसाने संसारात कुणावर विश्वास ठेवायचा?

पुढे तीनेक वर्षांनी बादल्यांची मोठी ऑर्डर घ्यायला देवळाली कॅम्पात एका बंगल्यावर गेलो. मालक बाहेर यायला वेळ होता म्हणून बागेत उभा होतो. कंपाउंडच्या कडेने ती नारिंगी फुलं रांगेने लावलेली. मी म्हटलं, लोकांना पैसा जास्त झालाय, जमिनीत प्लास्टिक खोचतात. खाली कसं बसवलंय बघावं म्हणून एक ओढलं. ते कटकन तुटलं आणि देठातून पाणी माझ्या हातावर आलं.

"ओ साहेब, फूल काहून तोडलं?" माळी धावत आला.

"हे फूल आहे?"

"मंग काय हाय?"

"प्लास्टिक नाही?"

माळ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी काही बोलायच्या आत फाटकाबाहेर होतो. ऑर्डर तिथेच राहिली. स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. डोळ्यांसमोर एकच, रुंद पानं, कोपऱ्यातली केळ, बाहुलीचं डोकं. भिंतीवरून डोकावलो. कोपऱ्यात त्या चोची माना वर काढून उभ्या होत्या. नंतर कळलं, त्या दर थंडीत उभ्या असायच्या. गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखत होतं. मी तिकडे बघणं सोडलं होतं, आणि बघायचो तेव्हाही मला शटरच दिसायचं.

यमुनाबाई पायरीवर होत्या. मी ओरडायला सुरुवात केली. शेजारची दारं उघडली. मी म्हणालो, ठरलं काय होतं आणि केलं काय. त्या ऐकत राहिल्या. मग अहिराणीत म्हणाल्या, "दखाडं ना मी तुम्हले."

दाखवलं होतं. कसं नाही म्हणू?

"पण खरं आहे हे सांगायचं होतं."

"सगळ्यात आधी दाखवायचं एवढंच ठरलं होतं. ओळखायचं काम तुमचं. मी दोनदा विचारलं. तुम्ही नको म्हणालात, वर कारागीर कच्चा म्हणालात." इथे त्यांना हसू आवरेना. "बादलीवाले, त्या कारागिराला आजवर असं कुणी बोललं नसेल."

अख्खी गल्ली हसली. मी म्हणालो, "ठीक आहे. झालं ते झालं. आता बोला, आज काय भाव?"

"आता गिऱ्हाईक ठरलंय."

"कोण? बिल्डर? मी जास्त देतो."

"लागल्यावर कळेल," त्या म्हणाल्या, आणि मग, "तीन मिनिटं झाली."

त्या गिऱ्हाइकाचा मी सगळीकडे शोध घेतला. कॉलनीतल्या प्रत्येकावर संशय घेतला. अध्यक्षांशी भांडलो, ते अजून बोलत नाहीत. घरी आलो की सुलभाला सगळं सांगायचो, कोणावर संशय आहे, का आहे. ती भाजी निवडत ऐकायची. मध्येच म्हणायची, "असेल बाई कुणी."

मग यमुनाबाईंचे गुडघे गेले. सटाण्याचा पुतण्या त्यांना न्यायला आला. पिकअप गाडीत सामान थोडं आणि बादल्या जास्त, प्रत्येकीत काही ना काही उगवलेलं. गल्ली जमली होती. मीही गेलो. म्हटलं, शेवटच्या क्षणाला माणूस विरघळतो, असे सौदे मी केलेले आहेत. यमुनाबाईंनी कमरेची किल्ली काढली, जागेच्या फाटकाची. मी हात पुढे केला. खरंच केला. त्यांनी माझ्या हाताला वळसा घालून ती सुलभाच्या हातात ठेवली.

"पाणी सकाळी घालत जा," त्या तिला म्हणाल्या. "आणि यांना शिकव हळूहळू."

जागेचा व्यवहार सुलभाशी आधीच झाला होता. रीतसर, चालू भावात. चांदवडच्या भावाने बहिणीचा वाटा दिला होता, कांद्याचं वर्ष चांगलं गेलं म्हणून. मला न विचारता, मला न सांगता. नंतर मी विचारलं तर सुलभा म्हणाली, "त्यांनी मलाही फूल दाखवलं होतं. तुमच्यानंतर. मी हो म्हणाले."

गाडी निघाली तेव्हा सगळे हात हलवत होते. यमुनाबाईंनी आमच्याकडे बघितलंच नाही. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर काढलेलं त्यांचं अंग मागे वळलेलं, आणि एक आडवी पडलेली बादली बघून त्या पुतण्याला खणखणीत आवाजात सुनावत होत्या, "थांब, थांब, ती उभी कर, ती मरी जाई." पुतण्या उतरला, त्याने बादली उभी केली, पुन्हा बसला. पुढच्या वळणावर त्यांनी गाडी परत थांबवली. मग मी आत आलो. काही वर्षांनी त्या सटाण्यालाच वारल्या असं कळलं. त्या दिवशी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. त्यात माझा तोटाच झाला.

आज परिस्थिती अशी आहे. माझं गोडाऊन शिंदे गावाकडे भाड्याच्या जागेत आहे. टेम्पोचं जाणं-येणं वेगळं. आणि माझ्या घराला लागून, माझ्याच घरात आलेली जागा आहे, जिच्यात मला शटरचा एक खिळाही ठोकता येत नाही, कारण ती माझी नाही. फाटकाची किल्ली मागितली तर आधी चपला काढायला सांगतात. मागच्या आठवड्यात तिथे बी घासायला बसवलं मला. हात मजबूत आहेत म्हणे.

यमुनाबाईंना मी आता काय विचारणार? त्यांनी जे केलं ते ठरल्याप्रमाणे केलं, आणि परका माणूस सौद्यात आपलं बघणारच. पण त्या दिवाळीला दुकानात आणखी एक व्यक्ती होती. तिला फूल खरं आहे हे माहीत होतं. त्या झाडाला तिने कित्येक दुपारी पाणी घातलं होतं. सौद्याची साक्षीदार तीच होती. मी "नको" म्हणण्याच्या आधी तिने एक शब्द बोलायचा होता, नुसतं "अहो" म्हणाली असती तरी मी थांबलो असतो. ती सुट्टे पैसे शोधत बसली.

सुलभा, ही सगळी पानं तू वाचशील हे मला माहीत आहे. इतकी वर्षं विचारलं की तू हसून आत जातेस. आज जाऊ नकोस. इथे बस, आणि तू गप्प का राहिलीस ते मला सांग.